कामावरून काढलंय, आरोप छळाचा आहे. पुढं काय करता येतं? (कुपवाड एमआयडीसी)

तापलेलं_लोखंड | २ जून २०२४, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथं कितीतरी वर्षं नुसता वाचत आलोय. भडंगाच्या धाग्यावर एकदा प्रतिसाद दिला होता, तेवढंच काय ते लेखन.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नऊ वर्षं होतो, क्वालिटीला. पत्रावर पद सीनियर इंजिनिअर. ८ एप्रिलला आमच्याच खात्यातल्या एका ट्रेनी मुलीनं [संपादित] माझ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. २२ तारखेला एचआरनं केबिनमध्ये बोलावलं. आत एचआर मॅनेजर, प्लँट हेड आणि अकाउंट्सच्या एक मॅडम. तक्रार वाचून दाखवली, हातात दिली नाही. ‘तुम्हाला काय म्हणायचंय?’ विचारलं. मी म्हटलं खोटं आहे. वीस मिनिटांत बाहेर.

९ मेला परत बोलावणं. ‘राजीनामा द्या, अनुभवाचा दाखला चांगला देतो.’ मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी पत्र मिळालं, त्यात एकच वाक्य: व्यवस्थापनाचा आपल्यावरील विश्वास उरला नसल्यामुळे सेवा तात्काळ समाप्त करण्यात येत आहे. गेटवर सिक्युरिटीनं कार्ड काढून घेतलं. जेवणाचा डबा आतच राहिला.

मी त्या मुलीला बोटसुद्धा लावलेलं नाही. बायकोला सांगितलंय. आईला नाही. तिच्यासाठी मी अजून पहिल्या शिफ्टला जातो, म्हणजे साडेसहाला घरातून निघतो आणि आमराईत बाकावर बसून राहतो.

केस करता येते का? मुलीवर अब्रुनुकसानीचा दावा लावता येतो का? पीएफ, ग्रॅच्युइटी अडकवतील का?

मिरज_जंक्शन | ३ जून, सकाळी ७:०५

भावा, लय वाईट झालं. आजकाल पोरींच्या एका कागदावर माणूस घरी बसतो. सोडू नको, डायरेक्ट पाच लाखांचा दावा ठोक. ती कुठल्या गावची हाय? तिच्या घरच्यांना भेटून समजावता येतंय का बघ. चार माणसं मध्ये घातली की मिटतंय.

प्रशासक | ३ जून, सकाळी ९:३०

धागाकर्त्यांनी तक्रारदार मुलीच्या नावाचं आद्याक्षर, गाव आणि कॉलेज लिहिलं होतं. काढून टाकलं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रारदार, ज्याच्यावर आरोप आहे ती व्यक्ती आणि साक्षीदार, तिघांचीही ओळख जाहीर करायला मनाई आहे. धागाकर्त्यांचीसुद्धा ओळख कुणी शोधत बसू नये. पुन्हा झालं तर धागा बंद करावा लागेल.

वकीलवाडा | ३ जून, दुपारी १:१५

आधी मिरज_जंक्शन यांचा सल्ला कचऱ्यात टाका. तिच्या घरी जाणं, मित्राकरवी निरोप धाडणं, स्टेटसला टोमणे ठेवणं, यातलं काहीही केलंत तर आज नसलेला पुरावा उद्या तुम्हीच तयार करून द्याल. तिचा नंबर ब्लॉक करा, पण चॅट पुसू नका. एक अक्षरही पुसू नका.

मी सांगलीत कामगार कायद्याचीच कामं करतो. तीन गोष्टी सांगा. कंपनीत माणसं किती? तक्रार बघणाऱ्या समितीत बाहेरचं कुणी होतं का, एखाद्या महिला संस्थेचं वगैरे? आणि तुमचं रोजचं काम नेमकं काय? पदाचं नाव नको, हातानं काय करता ते सांगा.

तापलेलं_लोखंड | ३ जून, संध्याकाळी ६:५०

माणसं कंत्राटी धरून १८० च्या आसपास. बाहेरचं कुणी नव्हतं, सांगितलं तेवढेच तिघं. काम म्हणजे कास्टिंग आलं की गेज लावणं, हार्डनेस बघणं, क्रॅक बघणं, रिपोर्ट भरणं. हाताखाली दोन ट्रेनी, पण रजा, पगार, बढती यातलं काही माझ्या हातात नाही. ट्रेनींच्या महिन्याच्या शिकाऊ शीटवर मात्र सही माझी असते.

वकीलवाडा | ३ जून, रात्री १०:२०

मग लांबलचक लिहितो.

दहा किंवा त्याहून जास्त माणसं असली की छळाच्या तक्रारी बघायला अंतर्गत समिती नेमणं सक्तीचं आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला हवी, किमान निम्मे सदस्य महिला हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. तुमच्या केबिनमध्ये दोन पुरुष आणि एक महिला होती. ती समिती नव्हतीच, नुसती मीटिंग होती.

नियम असे आहेत: तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत तुम्हाला मिळायला हवी. मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत तुम्ही लेखी उत्तर द्यायचं, कागद आणि साक्षीदारांच्या यादीसकट. चौकशी ९० दिवसांत संपवायची. संपल्यावर दहा दिवसांत अहवाल मालकाकडं आणि दोन्ही पक्षांकडं. मालकानं त्यावर ६० दिवसांत कारवाई करायची. समितीपुढं वकील कुणालाच नेता येत नाही, तिलाही नाही आणि तुम्हालाही नाही. यातलं तुमच्या बाबतीत काय झालं? तक्रार वाचून दाखवली, बस्स.

आता ते एका वाक्याचं पत्र. कंपनीला वाटतं की छळाचा शब्द टाळला म्हणजे आपण सुटलो. खरं तर दोन्हीकडून अडकली आहे. ही शिक्षा असेल तर रीतसर चौकशी कुठाय? शिक्षा नसेल तर कायद्याच्या भाषेत ती नोकरकपात होते आणि मग औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५एफप्रमाणे महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार आधी हातात ठेवायला हवा होता.

हे सगळं तुम्ही ‘कामगार’ ठरलात तर. हातानं गेज लावणारा माणूस तांत्रिक काम करतो, त्याला पगाराची मर्यादा नाही. मुख्य काम देखरेखीचं ठरलं तर मात्र दहा हजारांच्या वर पगार असलेला माणूस बाहेर फेकला जातो. कंपनी ती शिकाऊ शीट कोर्टात नाचवणार, धरून चाला.

पोवईनाका | ४ जून, दुपारी ४:००

आज सगळी सांगली लोकसभेच्या निकालात गुंतलेली असणार, तरी लिहितो. मी साताऱ्याचा. २०१९ मध्ये असल्याच प्रकरणातून गेलोय, बँकेत नाही आणि सरकारीही नाही, एवढंच सांगतो. माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी तारखा सांभाळल्या नाहीत. चिडलो, गावाला गेलो, तीन महिने शेतात काढले. परत येऊन वकिलाकडं गेलो तर त्यांनी कॅलेंडर उघडून दाखवलं.

वकीलसाहेब, त्या मुदती जरा सांगाल का? यांचं तेवढं तरी चुकू नये.

वकीलवाडा | ४ जून, रात्री ९:१०

२०१३ च्या कायद्यात कलम १८ खाली अपील आहे, मुदत शिफारशींपासून ९० दिवस. महाराष्ट्रात ते औद्योगिक न्यायालयात चालतं. यांना अहवालच दिलेला नाही, म्हणून उद्याच्या उद्या पोस्टात जाऊन पोचपावतीसह रजिस्टर पत्र टाका: तक्रार, जबाब, समितीच्या नेमणुकीचा आदेश आणि अहवाल, सगळ्याच्या प्रती द्या. ईमेलही करा. उत्तर आलं नाही तर ती पोचपावतीच कामाला येते.

दुसरी वाट आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्याची, म्हणजे अनुचित कामगार प्रथांची. चौथ्या परिशिष्टात पहिल्याच कलमी लिहिलंय की नैसर्गिक न्याय, म्हणजे बाजू मांडायची नीट संधी, धाब्यावर बसवून किंवा घाईघाईनं चौकशी करून काढणं ही अनुचित प्रथा. तक्रार कामगार न्यायालयात, मुदत ९० दिवस. तुमचे ९० दिवस ८ ऑगस्टला संपतात. फ्रिजवर लिहून ठेवा.

तिसरी वाट सहायक कामगार आयुक्तांकडं तडजोडीचा अर्ज. ४५ दिवसांत मिटलं नाही तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २अ खाली थेट कामगार न्यायालयात जाता येतं. मुदत तीन वर्षं. मात्र दुसरी आणि तिसरी वाट एकाच कारणासाठी दोन्ही चालवता येत नाहीत. १९७१ च्या कायद्याचं कलम ५९ आडवं येतं. एक निवडायची.

अब्रुनुकसानी विसरा. समितीकडं चांगल्या हेतूनं केलेली तक्रार म्हणजे बदनामी नव्हे, आणि तसला दावा लावलात की तुम्ही सूड उगवताय हे तुम्हीच लिहून देता.

शेंगाचटणी | ५ जून, सकाळी ११:२५

इतक्या प्रतिसादांत एकानंही एक साधा प्रश्न विचारलेला नाही, म्हणून मी विचारते. दादा, तक्रारीत होतं काय? तुम्हाला वाचून दाखवली म्हणता ना. ‘बोटसुद्धा लावलेलं नाही’ हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत, ते कुणी विचारलं नव्हतं.

मिरज_जंक्शन | ५ जून, सकाळी ११:४०

ताई, माणूस आधीच मोडलाय, त्यात तुम्ही पण चौकशी लावा.

शेंगाचटणी | ५ जून, दुपारी १२:१०

लावतेच की. मी ही बाजू दुसऱ्या टोकाकडून बघितली आहे. विट्याजवळच्या एका ठिकाणी अकाउंट्सला होते. तक्रार लिहायला मला सात आठवडे लागले. मुदत तीन महिन्यांची असते, कारण दाखवलं तर आणखी तीन वाढवून मिळते. ते सात आठवडे मी रोज त्याच टेबलासमोर बसून व्हाउचर लिहीत होते. समिती आमच्याकडंही अशीच कागदावरची होती. त्या माणसाला ‘समजावलं’ आणि माझी बदली केली. वीस मिनिटांची चौकशी यांना नडली तशी मलाही नडली. म्हणून विचारते, राग मानू नका.

तापलेलं_लोखंड | ६ जून, रात्री १२:५५

राग नाही. दोन दिवस लिहू की नको करत होतो.

तक्रारीत दोन गोष्टी होत्या. एक, मार्चमध्ये लॅबमध्ये मी तिचा हात धरला. हे झालेलं नाही, देवाशप्पथ झालेलं नाही. मायक्रोमीटर कसा धरायचा ते दाखवताना हात लागला असेल तर मला आठवत नाही.

दुसरी, मेसेज. ते मी केलेत. रात्री साडेदहा-अकराला. ‘जेवलीस का’, ‘आज साडीत वेगळीच दिसत होतीस’, एकदा ‘फोटो तरी पाठव’. ती हसण्याचं चिन्ह पाठवायची म्हणून मला वाटलं चालतंय. नंतर तिचं उत्तर येणं बंद झालं तरी मी आठ-दहा पाठवले. बायकोला हे मेसेजचं सांगितलेलं नाही.

शेंगाचटणी | ६ जून, सकाळी ८:१५

लिहिलंत हे बरं केलंत.

ते हसण्याचं चिन्ह म्हणजे काय ते सांगते. ज्याची सही आपल्या शीटवर लागते त्याला रात्री अकराला ‘नको’ कसं लिहायचं हे कुठल्याच मुलीला शिकवलेलं नसतं. मग बोटं पिवळा चेहरा दाबतात. मीही दाबलेला आहे.

मिरज_जंक्शन | ६ जून, सकाळी ९:००

मर्दा, हे आधी सांगायचं की. आम्ही उगा ओरडत बसलो.

जुनी_एचआर | ६ जून, दुपारी ३:३५

साताऱ्यात आणि शिरवळ पट्ट्यात मिळून २६ वर्षं एचआर केलं, आता घरी नातू सांभाळते. थोडं बोलते.

‘हात लावला नाही म्हणजे छळ नाही’ ही समजूत पुरुषांत अजून घट्ट आहे. १९९९ मध्ये ए. के. चोप्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की प्रत्यक्ष स्पर्श सिद्ध झालाच पाहिजे असं नाही, आणि त्या अधिकाऱ्याला काढणं कायम ठेवलं. त्याआधी कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दलचा १९९७ चा विशाखा निकाल, मग २०१३ चा कायदा. नको असलेले शब्द, सूचक मेसेज, सगळं त्यात बसतं. पुरावाही फौजदारी खटल्याइतका पक्का लागत नाही. कुठली गोष्ट घडली असण्याची शक्यता जास्त, एवढं समिती बघते. तुमचे मेसेज तर छापील आहेत.

आता दुसरी बाजू. शिक्षा कृत्याच्या मानानं हवी. समितीपुढं लेखी माफी, ताकीद, वेतनवाढ रोखणं, समुपदेशन असे पर्याय असतात आणि काढून टाकणं हे टोकाचं. बरोबर नेमलेल्या समितीनं या मेसेजवर काय शिफारस केली असती? माझ्या अंदाजानं वेतनवाढ आणि खातेबदल. अंदाजच म्हणते, कारण ती मुलगी काय सांगते ते आपण ऐकलेलं नाही.

बाहेरची सदस्य का हवी, तर प्लँट हेडसमोर ‘नाही साहेब, असं चालणार नाही’ म्हणायला पगारावर नसलेलं एक माणूस लागतं. पुष्कळ कंपन्या वर्षाचे चार हजार वाचवायला ती खुर्ची रिकामी ठेवतात. समितीच नेमली नाही तर दंड पन्नास हजारांपर्यंत आहे, पण तो भरलेला मी तरी पाहिला नाही.

अवांतर: कोडोलीच्या जुन्या एमआयडीसीत आम्ही समितीचा बोर्ड लावला तर एका सुपरवायझरनं विचारलं, ‘मॅडम, हे पाण्याच्या टाकीचं आहे का?’

वकीलवाडा | ६ जून, रात्री १०:४५

मेसेजमुळं माझा सल्ला बदलत नाही, सूर बदलतो. अर्जात ‘आरोप खोटे’ असं सरसकट लिहू नका. चौकशी सदोष होती एवढंच लिहा, कारण तेवढंच टिकणार आहे.

मे २०२३ चा ऑरेलियानो फर्नांडिस निकाल वाचा, गोवा विद्यापीठातलं प्रकरण. समितीनं घाईघाईत एकतर्फी चौकशी उरकली म्हणून सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फी रद्द केली. पण निर्दोष ठरवलं नाही, चौकशी पुन्हा नीट करा म्हणून परत पाठवली. तक्रारी २००९ च्या होत्या. चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्या पानावर, दोन्ही बाजूंना. कामगार न्यायालयातही चौकशी सदोष ठरली तर कंपनी तिथं नव्यानं आरोप सिद्ध करू शकते. म्हणजे तुमचे मेसेज भरकोर्टात वाचले जातील आणि त्या मुलीला पिंजऱ्यात उभं राहावं लागेल. हे डोळ्यांसमोर ठेवून ठरवा.

आणि शक्य असेल तर बायकोला आजच सांगा, नंतर तिसऱ्याकडून कळण्यापेक्षा.

पोवईनाका | ७ जून, सकाळी ६:४५

माझ्या प्रकरणात आरोप सिद्ध झाला नाही. मी लगेच म्हटलं, आता तिच्यावर खोट्या तक्रारीची कारवाई करा. समितीतल्या बाहेरच्या बाईंनी कलम १४ समोर ठेवलं: सिद्ध न होणं आणि खोटं असणं वेगळं. मुद्दाम खोटं केलं हे वेगळं सिद्ध करावं लागतं. तेव्हा लय राग आला होता.

पैशाचं राहिलंच. पीएफ कंपनीला अडवता येत नाही. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर लागू. मूळ पगार किती?

तापलेलं_लोखंड | ७ जून, रात्री ९:३०

मूळ अधिक डीए २६,०००.

पोवईनाका | ७ जून, रात्री ९:४८

२६,००० ला २६ नं भागून १५ दिवसांचे १५,०००. नऊ वर्षांचे १,३५,०००. ती रोखायची तर कंपनीला नैतिक अधःपतनाचं वगैरे कारण रीतसर दाखवावं लागतं, आणि पत्रात तर एकच वाक्य आहे. शिल्लक रजा आणि मे महिन्याचे दहा दिवस वेगळे मागा.

तापलेलं_लोखंड | ११ ऑगस्ट २०२४, दुपारी २:१०

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून. रजिस्टर पत्राला उत्तर आलं नाही. २९ जुलैला सांगलीच्या कामगार न्यायालयात तक्रार दाखल केली, मुदतीच्या दहा दिवस आधी. वकिलांनी ‘चौकशी सदोष’ एवढंच लिहिलं. बायकोला सांगितलं. दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली मेसेज वाचून दाखव. वाचून दाखवले. ते कोर्टापेक्षा जड गेलं. आईलाही कळलंय. आता आमराईत जात नाही. मेव्हण्याच्या बेदाण्याच्या शेडवर तासगावला हिशेब बघतो.

तापलेलं_लोखंड | १४ डिसेंबर २०२५, रात्री ८:००

धागा वर काढतोय. कंपनीच्या वकिलानं पहिल्या तारखांनाच पाहिलं की समिती टिकणार नाही. मार्चमध्ये तडजोड झाली. बडतर्फीचं पत्र मागं, माझा राजीनामा, ग्रॅच्युइटी, नोटिशीचा पगार आणि कपातीची भरपाई. परत कामावर घेणं नाही. मीही मागितलं नाही. मेसेजबद्दल माफीचं पत्र मी कंपनीकडं दिलं, त्यांनी ते पोचवलं की नाही ठाऊक नाही. ती मुलगी अजून तिथंच आहे, पर्मनंट झाली असं ऐकतो. नवी समिती नेमलीय, मिरजेच्या एका बाई बाहेरच्या सदस्य आहेत.

वकीलवाडा | १५ डिसेंबर २०२५, सकाळी १०:०५

चांगलं झालं. आज हा धागा वाचणाऱ्यांसाठी एक दुरुस्ती. वर मी जुन्या कायद्यांच्या मुदती लिहिल्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाल्यात आणि औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनं घेतलीय. त्यात तीन वर्षांची मुदत दोन वर आली आहे आणि देखरेख करणाऱ्यांची दहा हजारांची मर्यादा अठरा हजार झाली आहे. जुन्या आकड्यांवर विसंबून कुणी थांबू नये. २०१३ चा कायदा मात्र आहे तसाच आहे. आणि उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच तर आता मुंबई गाठायला नको, ऑगस्टपासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे. सांगली, सातारा दोन्ही त्यात येतात.

शेंगाचटणी | १५ डिसेंबर २०२५, दुपारी १:३०

दादा, माफीचं पत्र पोचलं का ते विचारायला तिला फोन करू नका हं.

तापलेलं_लोखंड | १५ डिसेंबर २०२५, दुपारी १:५२

नाही ताई. नंबर तेव्हाच काढून टाकलाय. चॅट तेवढं वकिलांकडच्या पेनड्राइव्हमध्ये आहे.